आधी पुंगळीला विचार

परवा रविवारी आमच्या रायफल क्लबात एका नव्या सभासदाने अडकलेली पुंगळी काढण्यासाठी बोल्टच्या दांड्यावर चपलेने हाणलं. झाडलेल्या काडतुसाची मागे उरलेली पितळी नळी म्हणजे पुंगळी. दाराची कडी उचलून मागे सारावी तसा बोल्ट उचलून मागे ओढला की तिने त्याच्याबरोबर बाहेर यायचं असतं. नाही आली की भल्याभल्यांचा तोल जातो. हा गृहस्थ बँकेत अधिकारी, बोलायला गोड, आणि हातात चप्पल. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर बाईची जीभ अशीच होते. पण बोलता बोलता मला तात्या भुवड आठवले, कारण ते एवढं काही बोललेच नसते. त्यांनी त्याच्या हातातून चप्पल काढून घेतली असती, त्याच्या पायाशी नीट ठेवली असती आणि म्हणाले असते, "आधी पुंगळीला विचार."

तात्या आमच्या क्लबाचे आर्मरर होते. म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे. लष्करात बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कुणी त्यांना बंदुकांचा डॉक्टर म्हटलं की त्यांना आवडत नसे. "डॉक्टर कसला, मी न्हावी," ते म्हणत. "साफ करायचां, घासायचां, आणि हात हलू द्यायचा नाय." ठेंगणी मूर्ती, पांढराशुभ्र हाफ शर्ट, गळ्यात दोऱ्याला बांधलेले दोन चष्मे. एक लांबचा, एक जवळचा, आणि घाईत नेमका नको तो डोळ्यांवर. बोलणं आमच्या संगमेश्वरी वळणाचं, मधूनच लष्करातलं हिंदी. रत्नागिरीतच परटवण्यात एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मुंबईला. आठवड्याचे सहा दिवस ते रविवारची वाट बघण्यात काढत, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही.

आमची रेंज शहराबाहेर एका संपलेल्या चिरेखाणीत आहे. चिरे काढून काढून तिन्ही बाजूंना जांभ्याच्या उंच, सरळ भिंती उरल्यात. गोळी बाहेर जायची बात नाही, आणि लाल धूळ चुकायचीही बात नाही. मी तिथे गेले ते नवऱ्याच्या सांगण्यावरून. तो म्हणाला, "तुझ्या रागाला एखादं निशाण मिळू दे, आम्ही तरी सुटू." पंचेचाळिशीत पोटावर पडून नेम धरणं गुडघ्यांना मानवत नव्हतं, पण मी हट्टाने जात राहिले.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी माझी पुंगळी अडकली. मी बोल्ट ओढला, येईना. दोन्ही हातांनी ओढला, तरी येईना. मग मी दात-ओठ खाऊन ओढणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब गो बाय. आधी हात काढ."

मी हात काढला. तात्यांनी रायफलीचं तोंड भिंतीकडेच आहे ना ते पाहिलं, आत पुंगळी रिकामीच आहे याची दोनदा खात्री केली, आणि एक पितळेची सळई नळीच्या पुढच्या तोंडातून हळूच आत सोडली. जरासा दाब, टक्, आणि पुंगळी बाहेर. मला वाटलं, झालं काम. पण तात्यांचं काम तिथे सुरू व्हायचं. त्यांनी जवळचा चष्मा लावला, पुंगळी उजेडात धरून फिरवली आणि मला विचारलं, "काडतुसां खाली पडली व्हती?"

"नाही," मी म्हटलं.

"हे बग, उभे ओरखडे. नळीत काडतूस बसतां त्या घराच्या भिंतीला ही घासून गेलीय. या काडतुसाच्या गोळीला मेण असतां, त्याला धूळ चिकटते. ती धूळ आत गेली, मग ही कशी सुटेल?"

खरं म्हणजे सहा काडतुसं माझ्या हातून लाल मातीत सांडली होती, आणि मी ती गुपचूप ओढणीला पुसून घेतली होती. शाळेत मुलींच्या अशा लबाड्या मी चुटकीसरशी ओळखते. इथे एका पितळेच्या नळीने माझी चुगली केली. मी म्हटलं, "पडली होती." तात्या म्हणाले, "मग तसां सांगायचां. पुंगळी सांगतेच, पण तिला येळ लागतो."

त्यानंतर मी त्यांच्या टेबलापाशी जास्त आणि निशाणापाशी कमी असायचे. त्यांची पद्धत साधी होती. पुंगळी बाहेर येत नाही म्हटल्यावर ते तीन प्रश्न विचारत. सोडत नाय? धरत नाय? की टाकत नाय? काडतूस जिथे बसतं ते नळीचं घर तिला सोडत नसेल, तर आत धूळ, गंज नाहीतर ओरखडा. बोल्टच्या टोकाला एक बारीक आकडा असतो, त्याला तात्या नख म्हणत. ते नख पुंगळीची कड धरत नसेल, तर नख झिजलंय नाहीतर त्यामागची स्प्रिंग गेलीय. आणि धरून बाहेर आणली, पण बाजूला टाकली नाही, तर दोष तिसराच. "घोडां खुटं पेंड खातां, ते आधी ठरवा," ते म्हणत. "लोक काय करतात? सोडत नाय म्हनून नख बदलतात, आणि धरत नाय म्हनून घर घासतात. चांगला होता तो भाग पण गेला."

हे प्रश्न ते माणसांनाही लावत. शेजारच्या घरात सासू-सुनेचं वाजलं की तात्या विचार करून निकाल देत, "सून धरते, सासू सोडत नाय." माझ्याबद्दल त्यांचं मत होतं की मी धरते बरोबर, पण टाकत नाही. कालचा राग आज तसाच आत. मी त्यावर चिडले, तेव्हा म्हणाले, "बग."

साफसफाईला त्यांना बाजारातल्या चिंध्या चालत नसत. बायकोच्या जुन्या सुती साड्यांचे ते रुपयाच्या नाण्याएवढे चौकोन कापत आणि बिस्किटांच्या डब्यात रचून ठेवत. एकदा मी सहज विचारलं, "तात्या, अजून किती साड्या आहेत?" ते म्हणाले, "दोन. मग बगू." एवढंच म्हणाले आणि तेलाची बाटली पुढे ओढली. 

जेवढ्या गोळ्या झाडल्या तेवढ्या पुंगळ्या संध्याकाळी टेबलावर आल्याच पाहिजेत, हा त्यांचा नियम. एक कमी असेल तर कुणी घरी जायचं नाही. एका रविवारी एक कमी भरली. आम्ही पंधरा-सोळा माणसं तासभर वाकून माती चाळत होतो. आमचे सेक्रेटरी वकीलसाहेब कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "तात्या, एका रिकाम्या पितळेच्या तुकड्यासाठी एवढा छळ?" तात्यांनी त्यांच्या कोटाच्या खिशाकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी नातवाला दाखवायला एक घेतली होती आणि विसरले होते. तात्यांनी ती घेतली, डब्यात टाकली आणि म्हणाले, "नातवाला हितं घेऊन या. मी दाखवतो सगळां."

पण ते नेहमी असे मऊ नव्हते. एकदा बागेतल्या वानरांना कंटाळलेले एक आंबा बागायतदार आजोबांची परवान्याची रायफल घेऊन, गाडी करून आले. पुंगळी फार कष्टाने निघते अशी तक्रार. मागच्या खेपेची पुंगळी तात्यांनी मागून घेतली. तिच्या बुडापासून बोटभर वर एक चकचकीत कडं उमटलं होतं. तात्यांनी ते बोटाच्या नखाने चाचपलं आणि रायफल कापडात गुंडाळायला लागले.

"काय झालं?" बागायतदार म्हणाले.

"हिचां वय झालां. काडतूस आत सैल बसतां, म्हनून हितं ताणलां जातां. पुढच्या बाराला पुंगळी फाटेल, आणि फाटली तर तुमच्या डोळ्यात येईल. हिला आता भिंतीवर टांगा."

"तुम्ही फक्त पुंगळी सुटेल एवढं करून द्या. बाकी माझं मी बघतो. आजोबांची आहे ती."

"आजोबांची हाय म्हनूनच टांगा म्हनतो."

गृहस्थ आवाज चढवून बरंच बोलले. तात्यांनी एक कागद घेतला, 'ही चालवू नये' असं लिहिलं, सही केली आणि त्यांच्या हातात दिला. पुढे रत्नागिरीत कुणीच त्या रायफलीला हात लावायला तयार होईना, आणि ती भिंतीवर गेली. दोन वर्षांनी तेच गृहस्थ हापूसची पेटी घेऊन परटवण्यात आले होते. तात्यांनी पेटी अख्ख्या आळीत वाटली आणि मला मात्र एकच आंबा दिला, कारण मला साखर आहे.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सळई नळीच्या तोंडाशी दोनदा चुकायची. तात्या मनगट टेबलाच्या कडेला टेकवून काम करू लागले. आम्हाला दिसत होतं, आणि आम्हाला दिसतंय हे त्यांनाही कळत होतं. हत्यारांच्या कपाटाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली वकीलसाहेबांकडे, दुसऱ्याची तात्यांकडे, करगोट्याला बांधलेली. कपाट उघडताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि आम्ही सगळे सभ्यपणे आकाशाकडे बघत असू.

त्या किल्लीवरून कमिटीत विषय निघाला. वकीलसाहेब म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे, पण हत्यारांचं काम आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मला विचारलं. मी काय करावं? मी म्हटलं, "खरं आहे, हात आता भरवशाचा राहिला नाही." त्यांना एक आभाराचं पत्र द्यायचं आणि किल्ली मागून घ्यायची असं ठरलं. पत्राचा मजकूर मीच लिहिला, कारण माझं मराठी शुद्ध. ती किल्ली गेली की त्या माणसाला रविवारी उठायला कारण उरणार नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी लिहिलं. दसऱ्यानंतर आमच्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांचे सामने होते, ते झाले की पत्र द्यायचं होतं.

त्या वर्षी दसऱ्याला तात्या डॉक्टरला हात दाखवायला मुलाकडे मुंबईला गेले होते. क्लबात शस्त्रपूजा दरवर्षी तेच करत. या खेपेला ती माझ्याकडे आली. मी पाट मांडला, रांगोळी काढली, तीन नंबरची रायफल पाटावर ठेवली. हत्यार ठेवायचं तर बोल्ट उघडा ठेवूनच ठेवायचं, म्हणजे आत काही नाही हे सगळ्यांना दिसतं, हा तात्यांचा नियम मी कटाक्षाने पाळला. मग हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं, निरांजन ओवाळलं, पेढे वाटले. नंतर वरवर पुसून रायफल कपाटात ठेवली.

सामन्यांच्या दिवशी ती रायफल पूजेनंतर प्रथमच बाहेर आली. चिपळूणकडची एक मुलगी तिच्यावर होती. पहिला बार झाला, बोल्ट मागे आला, पुंगळी आतच. तात्या तोवर परत आले होते. त्यांनी सळईने ती काढून दिली. दुसरा बार, तेच. तिसरा, तेच. मुलीला दुसरी रायफल दिली, आणि वकीलसाहेब माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "जुलैत या रायफलीची स्प्रिंग कुणी बदलली? तात्यांनीच ना? नीट बसलीच नसणार. सामने संपेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. पत्र आजच देऊन टाकू."

तात्यांच्या कानावर ते गेलं असावं. ते आपणहून म्हणाले, "स्प्रिंग माजीच हाय. माजी चूक असंल तर बगू या." मला म्हणाले, "तू चल आत."

कामाच्या खोलीत त्यांनी टेबलावर साडीचा पांढरा तुकडा पसरला. तिन्ही पुंगळ्या त्यावर ओळीने ठेवल्या. जवळचा चष्मा लावला, मग तो मला दिला. "तू बग. कडेला नखाची खूण हाय?"

मी पाहिलं. तिन्हींची कड गुळगुळीत होती.

"म्हंजे नख घसरलां नाय," तात्या म्हणाले. "घसरलां असतां तर कड खरवडली असती. त्यानं धरलांच नाय. आता नख दाब."

मी अंगठ्याने ते बारीक नख दाबून सोडलं. ते लगेच उसळून परत आलं, पण पुरतं आत बसेना. "स्प्रिंग जिवंत हाय," तात्या म्हणाले, आणि त्यांचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. "खाली कायतरी हाय. टाचणी घे."

त्यांनी स्वतः टाचणी घेण्यासाठी हात पुढे केला होता. टाचणी त्यांच्या बोटांतून दोनदा पडली. मग मी घेतली. नखाखालच्या खाचेत टाचणी घातली आणि उकरलं. पांढऱ्या कापडावर तांबूस, तेलकट पापुद्रे पडले. मला वाटलं गंज. मी आणखी उकरलं, आणि तांदळाचा अर्धा दाणा बाहेर आला.

 लाल झालेला, तेल प्यायलेला अक्षतेचा दाणा. तो खाली अडकलेला, त्यामुळे नख कडेपर्यंत पोचत नव्हतं. उघड्या बोल्टवर मी मूठभर अक्षता वाहिल्या होत्या. तात्या दरवर्षी काय करत ते मी इतकी वर्षं बघत होते आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते लोखंडावर रुमाल झाकून फक्त लाकडी दस्त्याला कुंकू लावत.

तात्यांनी कापडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कापडाची चारी टोकं दुमडली. "वकीलसाहेबांना सांग, कचरा व्हता."

"तात्या, मी सांगते. माझ्यामुळे झालं."

"कशाला? देवाचां काम व्हतां. तू काय मुद्दाम केलांस?"

"आणि तुमच्यावर आलं त्याचं काय? ते पत्र मी लिहिलंय तात्या. तुमची किल्ली काढून घ्यायचं पत्र." हे बोलताना मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

"ठावक हाय," ते म्हणाले. "अक्षर चांगलां हाय तुजां. टेबलाच्या खणात ठेवलांस, तो खण माजाच."

मी बाहेर जाऊन वकीलसाहेबांना आणि कमिटीला सगळं सांगितलं. कापड उघडून दाखवलं. वकीलसाहेब भला माणूस, त्यांनी तात्यांची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि पत्र फाडलं. आम्हाला वाटलं, मिटलं. तेवढ्यात तात्यांनी आमच्याकडे पाठ केली. आम्ही सवयीने आकाशाकडे बघितलं. ते वळले तेव्हा किल्ली त्यांच्या हातात होती. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"अहो पण तुमची चूक नव्हतीच," वकीलसाहेब म्हणाले.

"नव्हती," तात्या म्हणाले. "पर टाचणी मला धरवली नाय. आज हिचा हात व्हता. उद्या मी एकटा असन, आणि स्प्रिंग हातातून उडन, आणि मी ती तशीच बशिवन. मला लाज वाटंल सांगायची. तवा आजच घ्या."

कुणी खूप समजावलं, कुणी हात जोडले. ते ऐकले नाहीत. मला किल्ली बांधायला करगोटा नाही, म्हणून मी ती मंगळसूत्रात अडकवली. त्यावर ते हसले, त्या दिवसातलं एकदाच.

पुढचे पाच रविवार ते येत राहिले. कामाच्या खोलीत पाऊल टाकत नसत. मागे चिऱ्यांचा एक बाक आहे, त्यावर बसत. मग मुलगा येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेला, आणि तिथेच ते पावसाळ्यात गेले. मला फोनवर कळलं. मी वर्ग घेत होते, तो घेऊन संपवला आणि मग स्टाफरूममध्ये जाऊन रडले.

पाचव्या रविवारचं सांगते. दोन नंबरच्या रायफलीत पुंगळी अडकली. नेमबाज हात वर करून थांबला आणि सवयीने सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. माझीही वळली. तात्या जागचे हलले नाहीत. मग मी उठले. रायफलीचं तोंड भिंतीकडे आहे ते पाहिलं, आत रिकामीच आहे ते पाहिलं, सळई घातली. येईना. सळई काढली, पुसली, परत घातली. मला वेळ लागत होता, लोक चुळबुळत होते, घाम डोळ्यांत जात होता. निम्म्यावर मी मागे पाहिलं. तात्या बाकावर पुढे झुकून बसले होते, ओठ हलत होते, आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते. आधी मला वाटलं, थरथर लपवतायत. मग कळलं की आपण उठून माझ्या मदतीला येऊ नये म्हणून ते स्वतःच्या हातांवर बसले होते.

"तात्या, या ना," मी म्हटलं.

"तू कर," ते म्हणाले, आणि हात तसेच ठेवले.